बुडत्यास हात द्यावा. पण कोणत्या अटीवर?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आमच्यापैकी प्रत्येकाने लहानपणी घरी ऐकलेली आहे. ऋण काढून सण साजरा करू नये, हेही वडीलधाऱ्यांनी आम्हांस वेळोवेळी बजावलेले आहे. अशा संस्कारांत जो वाढला, त्याला कर्ज काढून अडचणीत आलेल्या माणसाविषयी फारशी सहानुभूती वाटू नये, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. म्हणूनच दहावीच्या वर्गात अर्थशास्त्राचा तास चालू असता एका विद्यार्थ्याने जो प्रश्न विचारला, त्याचे आम्हांस नवल वाटले नाही. अमेरिकेतील २००८ सालच्या आर्थिक अरिष्टाची हकीकत आम्ही सांगत होतो. तो उठून म्हणाला, "सर, ज्यांनी ऐपत नसताना घरे घेतली आणि ज्या बँकांनी ती घेऊ दिली, त्या दोघांनाही सरकारने लोकांच्या पैशांतून का वाचवावे? चूक त्यांची आणि दंड इतरांना, हा कोणता न्याय?" वर्गातील बहुतेकांनी माना डोलावल्या. इतक्यात मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "पण त्या घरांत मुलेही असतील ना? त्यांची काय चूक?"

घंटा झाली, तास संपला. प्रश्न मात्र तेथेच राहिला. दोन्ही मुले आपापल्या परीने खरे बोलली होती, आणि दोन खऱ्या गोष्टी एकमेकींस छेद देऊ लागल्या म्हणजे विचार करण्याची पाळी येते. तो विचार येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम घडले काय, ते नीट समजून घेऊ. अमेरिकेत घर घेणारा मनुष्य बहुधा तीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढतो आणि घर गहाण ठेवतो. पूर्वी कर्ज देणारी पेढी ते कर्ज बहुधा आपल्याच वहीत ठेवीत असे. ऋणको बुडाला तर आपणही बुडू, हे तिला ठाऊक असे; म्हणून त्याचा पगार, त्याची पत आणि त्याची सचोटी पाहूनच ती पैसा देई. पुढे ही साखळी लांबत गेली. कर्ज मिळवून देणारा दलाल वेगळा, पैसा देणारी कंपनी वेगळी, अशी हजारो कर्जे एकत्र बांधून त्यांचे रोखे काढणारी पेढी वेगळी, त्या रोख्यांवर उत्तमपणाचा शिक्का मारणारी संस्था वेगळी आणि शेवटी ते रोखे विकत घेणारा गुंतवणूकदार सातासमुद्रांपलीकडचा! प्रत्येकाने आपली दलाली आधीच उचललेली; ऋणको पुढे हप्ते भरील की नाही, याची काळजी कोणासच उरली नाही.

मग ज्यांची पत कमी, त्यांनाही कर्जे मिळू लागली. यांनाच 'सबप्राइम' कर्जे म्हणत. त्यांतील पुष्कळ कर्जांना पहिली दोन वर्षे व्याजाचा दर कमी असे आणि त्यानंतर तो एकदम चढे. कित्येकदा उत्पन्नाचा पुरावाही मागितला जात नसे. "दोन वर्षांनी घराची किंमत वाढेल, मग जुने कर्ज फेडून नवे काढता येईल," असे दलाल सांगे आणि ऋणकोला ते पटे; कारण घरांच्या किमती खरोखरच वर्षानुवर्षे वाढत होत्या. २००६ साली मात्र त्या थांबल्या आणि मग घसरू लागल्या. पुढील काही वर्षांत देशभरची सरासरी एक चतुर्थांशाहून अधिक खाली आली. काही शहरांत तर किंमत निम्म्यावर आली. ज्यांच्या घरांवर कर्ज होते अशा कुटुंबांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश कुटुंबांच्या बाबतीत २००९ च्या अखेरीस कर्ज अधिक आणि घराची किंमत कमी, अशी स्थिती झाली. घर विकूनही ऋण फिटेना.

त्यानंतरचा क्रम सर्वश्रुत आहे. मार्च २००८ मध्ये बेअर स्टर्न्स ही पेढी कोलमडली, तेव्हा मध्यवर्ती बँकेने सुमारे २९ अब्ज डॉलरांचा भार उचलून ती दुसऱ्या बँकेच्या पदरात घातली. ७ सप्टेंबरला फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जांच्या दोन महाकाय संस्था सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही पेढी मात्र बुडू दिली आणि दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीस ८५ अब्ज डॉलरांचे कर्ज दिले. सरकारने ७०० अब्ज डॉलरांची, म्हणजे सत्तर हजार कोटी डॉलरांची, मागणी केली. लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने २९ सप्टेंबरला ती २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळली. त्या एका दिवसात न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराचा निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला. चारच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, थोड्याफार फेरफारांसह तोच कायदा संमत झाला.

येथे आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न उभा राहतो. बँकांना का वाचवावे?

याचे उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांनी मुलीच्या लग्नासाठी साठविलेली रक्कम एका लहानशा बँकेत ठेवली होती. एके दिवशी बँकेच्या दारावर सूचना लागली की, खात्यातून ठरावीक रकमेपेक्षा अधिक पैसे काढता येणार नाहीत. हे गृहस्थ सकाळी सातपासून रांगेत उभे होते. त्यांनी कधी कोणाचे एक रुपयाचे कर्ज बुडविले नव्हते. उलट त्यांनीच त्या बँकेला कर्ज दिले होते, कारण ठेव म्हणजे ठेवीदाराने बँकेस दिलेले कर्जच होय. संचालकांनी कोणाला किती वाटले, याची त्यांना वार्ताही नव्हती. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते हे असे.

बँक ही किराणा दुकानासारखी नव्हे. एक दुकान बुडाले तर शेजारच्या दुकानाची विक्री वाढते. एक बँक बुडाली तर शेजारच्या बँकेपुढेही रांग लागते. आपल्या देशाने हा अनुभव घेतलेला आहे. १९६० साली लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक या बँका बुडाल्या आणि लोकांचा विश्वास डळमळला. त्यातूनच १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळू लागले. तेव्हा दर ठेवीदारामागे ही मर्यादा १५०० रुपये होती. २०२० साली ती पाच लाख रुपयांवर नेण्यात आली. आमच्या बडोद्यात १९०८ साली सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा स्थापन केली. संस्थानातील उद्योगाला आणि व्यापाराला पैशाचा पाझर सतत मिळत राहावा, हा त्या कार्यामागील विचार होता. तो पाझर आटला तर कारखान्याचा पगार थांबतो, व्यापाऱ्याची हुंडी परत येते आणि ज्याने बँकेचे तोंडही पाहिले नाही, त्या मजुराची चूल विझते. लेहमन बुडाल्यानंतर अमेरिकेत नेमके हेच झाले. बँका एकमेकींवर विश्वास टाकीनात, चांगल्या कंपन्यांनाही अल्प मुदतीचा पैसा मिळेना, आणि ऑक्टोबर २००९ पर्यंत बेकारीचे प्रमाण शेकडा दहावर गेले.

म्हणून बँकव्यवस्था वाचविणे हा लाड नव्हे, ते कर्तव्य आहे, असे आमचे मत आहे. परंतु व्यवस्था वाचविणे निराळे आणि तिच्या चालकमालकांना वाचविणे निराळे. घराला आग लागली म्हणजे बंब बोलवावाच लागतो. पण ज्याने निष्काळजीपणे आग लावली, त्याच्या हाती त्याच रात्री पुन्हा किल्ल्या देण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील विचारवंत वॉल्टर बॅजट याने १८७३ सालीच याविषयी नियम घालून दिला होता. घबराटीच्या काळात मध्यवर्ती बँकेने सढळ हाताने कर्जे द्यावीत, परंतु ती चांगल्या तारणावर आणि चढ्या व्याजाने द्यावीत, असा त्याचा आशय. मदत मिळावी, पण ती स्वस्त नसावी.

हा नियम पाळता येतो, याचे दाखलेही आहेत. स्वीडनमध्ये १९९२ साली बँका संकटात आल्या, तेव्हा सरकारने ठेवीदारांना आणि इतर धनकोंना हमी दिली. परंतु ज्या बँकांचे भांडवल संपले होते, त्यांची मालकी सरकारने घेतली आणि जुन्या भागधारकांना तोटा सोसावा लागला. खुद्द अमेरिकेत २५ सप्टेंबर २००८ रोजी वॉशिंग्टन म्युच्युअल ही बँक बंद झाली. त्या देशाच्या इतिहासात तोपर्यंत इतकी मोठी बँक बुडाली नव्हती. तिचे ठेवीदार सुरक्षित राहिले, दुसऱ्या दिवशी शाखा नव्या मालकीखाली उघडल्या आणि भागधारकांचे भांडवल मात्र गेले. न्यायाला धरून झालेली अशी गोष्ट त्या धामधुमीत विरळाच!

बाकी ठिकाणी काय झाले? एआयजीकडून ज्या मोठ्या बँकांचे येणे होते, त्यांना ते सरकारी मदतीतून पैन् पै मिळाले. शंभरास नव्वद घ्या, असे कोणी त्यांना बजावले नाही. ज्या विभागाच्या सौद्यांमुळे ती कंपनी बुडीत निघाली, त्याच विभागातील मंडळींना मार्च २००९ मध्ये सुमारे १६ कोटी ५० लाख डॉलर बक्षिसादाखल वाटण्यात आले. करार झालेला आहे, तो मोडता येत नाही, असे त्याचे समर्थन करण्यात आले. कराराचे पावित्र्य आम्हीही मानतो. परंतु ते पावित्र्य नोकरी गेलेल्या गृहस्थाला जसे बांधते, तसेच बुडीत पेढीलाही बांधीत असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. सरकारने बँकांत घातलेले सुमारे २४५ अब्ज डॉलर पुढे परत आले. एवढेच नव्हे, तर त्यांवर सुमारे ३० अब्ज अधिक मिळाले, मग तक्रार कसली? हा हिशेब खरा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. परंतु खजिन्यात पैसा परत आला म्हणून न्याय झाला, असे ठरत नाही. ज्या क्षणी जगात कोणीही कर्ज देण्यास तयार नव्हते, त्या क्षणी जो पाठीराखा मिळाला, त्याचे मोल केवळ व्याजात मोजता येत नाही. तसा पाठीराखा, तसा वेळ आणि तसा विश्वास घरमालकास मिळाला असता, तर त्यांतील कित्येकांनीही आपले पैसे परत केले नसते काय?

आता घरमालकांकडे वळू. त्यांच्या मदतीविरुद्धचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, आणि तो श्रीमंतांचा नसून काटकसरी माणसाचा आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये घरमालकांसाठी योजना जाहीर होताच शिकागोच्या बाजारातून एका दूरदर्शन-भाष्यकाराने, शेजाऱ्याच्या घरकर्जाचे हप्ते तुमच्यापैकी कितीजण भरावयास तयार आहेत, असा सवाल केला आणि तो देशभर गाजला. आपण एखाद्या भाडेकरूच्या जागी उभे राहून पाहू. त्याने दहा वर्षे दोन खोल्यांत काढली, मोठे घर परवडणार नाही म्हणून मोह आवरला. शेजाऱ्याने कर्ज काढून बंगला बांधला. आता बंगलेवाल्याचे कर्ज माफ होणार आणि कर भाडेकरूने भरावयाचा! संयमाची ही शिक्षा झाली तर पुढे संयम कोण पाळील? या प्रश्नाला हसण्यावारी नेणारा मनुष्य अर्थशास्त्रही जाणत नाही आणि नीतिशास्त्रही.

तथापि वस्तुस्थिती त्या सवालात दिसते तेवढी सरळ नव्हती. जे अडचणीत आले, त्यांत दोन-तीन घरे घेऊन सट्टा करणारे होते, खोटे उत्पन्न लिहून देणारेही होते. पण दलालाने लिहिलेले कागद न समजता सही करणारे होते आणि ज्यांनी शेकडा वीस रक्कम स्वतः भरून घर घेतले, परंतु पुढे नोकरी गेली, असेही होते. या सर्वांना एकाच नावाने हाक मारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. शिवाय ओसाड पडलेल्या घरामुळे आळीतील सर्वच घरांची किंमत उतरते. तेथे काटकसरी शेजाऱ्याचेही नुकसान होते.

मग सरकारने घरमालकांसाठी काय केले? मासिक हप्ता उत्पन्नाच्या शेकडा ३१ पर्यंत खाली आणावा, अशी योजना २००९ साली निघाली. तीस ते चाळीस लाख कुटुंबांना लाभ होईल, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात २०१६ च्या अखेरीस ती बंद होईपर्यंत कायमची सवलत मिळालेली कुटुंबे सतरा लाखांच्या आसपास होती. अर्जांची छाननी कोणाकडे सोपविली होती? कर्जवसुलीचे काम ज्या संस्थांकडे होते, त्यांच्याचकडे! पगाराचे दाखले पाठवावे, ते गहाळ व्हावेत, पुन्हा पाठवावे, तोवर मुदत टळावी आणि जप्तीची नोटीस यावी, असा अनुभव असंख्य कुटुंबांस आला. मुद्दलात सूट फारच थोड्यांच्या वाट्याला आली. उलट २०१० साली असे उघडकीस आले की, जप्तीच्या प्रतिज्ञापत्रांवर मोठमोठ्या संस्थांचे नोकर कागद न वाचताच हजारोंनी सह्या करीत होते. त्या प्रकरणी पाच मोठ्या संस्थांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये ४९ राज्यांशी सुमारे २५ अब्ज डॉलरांची तडजोड केली. कर्ज मागणाऱ्याने कागद न वाचता सही केली तर तो मूर्ख. घर जप्त करणाऱ्याने कागद न वाचता सही केली तर ती कार्यालयीन चूक! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही तऱ्हा झाली.

यांतील एक गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक खटकते. अमेरिकेच्या दिवाळखोरीच्या कायद्यानुसार एखाद्याचे दुसरे घर, हवा पालटण्यासाठी घेतलेले, गहाण असेल, तर त्या कर्जाचे मुद्दल घराच्या उतरलेल्या किमतीइतके कमी करण्याचा अधिकार न्यायाधीशास आहे; परंतु राहत्या एकुलत्या घराच्या बाबतीत तो अधिकार नाही. हा भेद काढून टाकावा, म्हणून २००९ साली विधेयक आले. खालच्या सभागृहात ते संमत झाले. ३० एप्रिल रोजी सेनेटमध्ये मात्र ४५ विरुद्ध ५१ मतांनी पडले. या सुधारणेला सरकारी खजिन्यातून मोठी रक्कम ओतावी लागणार नव्हती. एका तटस्थ न्यायाधीशाने धनको आणि ऋणको या दोघांनाही समोर बसवून तोटा वाटून द्यावा, एवढीच मागणी होती.

ही मागणी ऐकून आम्हां मराठी माणसांस एका जुन्या प्रकरणाची आठवण झाल्यावाचून राहत नाही, आणि त्याचा धागाही योगायोगाने अमेरिकेपर्यंत पोहोचतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्याकडील कापसाचे भाव आभाळाला भिडले. मुंबईत शेअरांचा सट्टा माजला. दख्खनच्या खेड्यांत सावकार हात सैल सोडून कर्जे देऊ लागले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले. मुंबईत सट्ट्याचा फुगा फुटून बँक ऑफ बॉम्बे ही बँक अखेर गुंडाळावी लागली. १८६८ साली तिच्या जागी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. खेड्यांतील कुणब्याच्या जागी मात्र कोणी नवा कुणबी उभा केला नाही. त्याचा सारा वाढला होता, व्याज चढत होते आणि जमीन सावकाराच्या नावे होत होती. अखेर मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी दंगा उसळला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्या दंग्यांतील एक विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता. तो कर्जरोख्यांवर होता. रोखे मिळाले की ते जाळीत आणि बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर थांबत.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्यात कर्ज सरसकट माफ केले नव्हते. न्यायाधीशाने केवळ रोख्यावरचा आकडा न पाहता कर्जाचा मुळापासूनचा इतिहास पाहावा, मूळ रक्कम किती, व्याजावर व्याज किती चढले, याचा शोध घ्यावा, अवाजवी व्याज कापावे, हप्ते बांधून द्यावेत, आणि कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकू नये, अशी त्याची रचना होती. हा कायदा निर्दोष नव्हता. सावकारांनी पुढे गहाणखताऐवजी खरेदीखते लिहून घेण्यास आरंभ केला आणि नवे कर्ज मिळणे कठीण झाले, अशी तक्रार झाली. प्रत्येक मदतीची अशी काही किंमत असतेच. पण रोख्यावरचा आकडा हेच अंतिम सत्य नव्हे, तो आकडा कसा झाला हेही न्यायाने पाहिले पाहिजे, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. सव्वाशे वर्षांनंतर अमेरिकेच्या सेनेटला ते मान्य करता आले नाही.

वास्तविक त्यांच्या स्वतःच्या इतिहासातही धडा होता. १९३३ साली, महामंदीच्या ऐन काळात, अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने गृहकर्जांसाठी एक महामंडळ काढले. त्याने धनकोंकडून बुडीत गहाणखते विकत घेतली आणि सुमारे दहा लाख कुटुंबांस पंधरा वर्षांच्या मुदतीची, शेकडा पाच व्याजाची नवी कर्जे दिली. ज्यांना ही कर्जे मिळाली, त्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाचे लोक तरीही हप्ते भरू शकले नाहीत आणि त्यांची घरे गेली. म्हणजे ती खैरात नव्हती. उरलेल्यांची घरे वाचली आणि १९५१ साली महामंडळाचे काम आटोपले, तेव्हा हिशेबात तोटा नसून थोडी शिल्लकच होती. याच महामंडळाच्या नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर धोक्याच्या लाल खुणा केल्या गेल्या, हा कलंकही लपवून चालणार नाही. मदत देणारा हातही भेदभाव करू शकतो, म्हणून त्याच्यावरही लक्ष ठेवावे लागते.

येथवरच्या विवेचनावरून आमचे मत वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. मदत कोणास द्यावी, बँकेस की घरमालकास, हा प्रश्नच आम्हांस चुकीच्या रीतीने मांडलेला वाटतो. दोघांनाही एकाच तागडीत तोलले पाहिजे. बँकेस मदत द्यावयाची, तर ठेवीदार आणि व्यवहार वाचवावेत. भागधारकांनी तोटा आधी सोसावा आणि ज्यांच्या कारभाराने संकट आले, त्यांनी खुर्ची सोडावी. घरमालकास मदत द्यावयाची, तर ती राहत्या घरापुरती द्यावी, सट्ट्यासाठी घेतलेल्या घरास नव्हे. खोटी माहिती देणाऱ्यास ती मिळू नये. ज्याचे मुद्दल कमी होईल, त्याने पुढे घर नफ्याने विकले तर त्या नफ्यातील वाटा परत करावा, म्हणजे काटकसरी भाडेकरूला आपली फसवणूक झाली असे वाटणार नाही. आणि कोण कोणत्या वर्गात बसतो, हे ठरविण्याचे काम वसुली करणाऱ्या संस्थेकडे न देता निःपक्षपाती न्यायाधीशाकडे द्यावे. अमेरिकेचा अपराध बँका वाचविल्या हा नव्हे. बँकेला अभय देताना काही दिवस पुरले आणि कुटुंबाला अभय देताना वर्षे पुरली नाहीत, हा तिचा अपराध आहे.

कोणी म्हणेल की, असा विचार करणे सोपे, संकटाच्या रात्री तो अमलात आणणे कठीण. हे खरे आहे. घर जळत असताना कोणी कायद्याची कलमे वाचीत बसत नाही. पण म्हणूनच हे नियम शांततेच्या काळात ठरवून ठेवावयाचे असतात. आपल्याकडे २०२० साली महामारीमुळे कामधंदे थांबले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने मार्चपासून ऑगस्टअखेरपर्यंत कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. आमच्या शाळेतील कित्येक पालकांनी तिचा उपयोग केला. त्या काळातले व्याज त्यांच्या माथी चढतच होते, हे त्यांना मागाहून कळले. तरी डोक्यावरचे छप्पर टिकले. त्या पालकांपैकी कोणास आम्ही उधळे म्हणावे? वडिलांची नोकरी गेलेली असता दहावीची फी वेळेवर भरणारी ती घरे होती.

म्हणून वर्गातील त्या विद्यार्थ्यास आम्ही सांगू की, बाबा रे, अंथरूण पाहून पाय पसरण्याचा तुझा आग्रह कधी सोडू नकोस. सही करण्यापूर्वी कागद वाच, व्याजाचा दर पुढे बदलणार आहे काय ते विचार, आणि दलालाच्या गोड बोलण्यापेक्षा स्वतःच्या गणितावर विश्वास ठेव. आणि त्या विद्यार्थिनीस सांगू की, तुझा प्रश्नही कधी विसरू नकोस. पुढे तुम्हांपैकी कोणी बँकेत अधिकारी होईल, कोणी न्यायाधीश होईल, कोणी विधिमंडळात जाईल. एखाद्या दिवशी तुमच्यापुढे एक मोठी पेढी आणि एक लहान कुटुंब, दोघेही बुडताना मदतीसाठी हात वर करतील. त्या वेळी दोघांचाही हिशेब तपासा, दोघांनाही अटी घाला. पण पेढीसाठी रात्री दार उघडून कुटुंबाला मात्र "उद्या कागद घेऊन या" असे सांगू नका.